एका कुंडीची शेजपाळी

सल्ला देणं, दुसऱ्याच्या पोराला शिस्त लावणं आणि झाडाला पाणी घालणं या तीन गोष्टी आपल्याकडे कुणाला शिकाव्या लागत नाहीत. पहिल्या दोन गोष्टींनी सहसा कुणी दगावत नाही. तिसरीनं मात्र रोज कुठल्या ना कुठल्या गॅलरीत एखादं झाड शांतपणे देह ठेवतं. आणि गंमत अशी, की ते पाण्यानंच मेलं हे घरच्यांना शेवटपर्यंत पटत नाही. "रोज न चुकता घालत होते हो पाणी!" असं ती माउली डोळ्यांत पाणी आणून सांगते. तेही पाणी जमलं तर त्या कुंडीतच पडतं.

मी हे जरा अधिकारानं बोलतो, कारण पाणी देणं हाच माझा धंदा होता. म्हणजे पाण्याचे कागद पुढे सरकवणं. पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं कारकुनी केली. (त्या खात्याला आता जलसंपदा विभाग म्हणतात. नाव भारदस्त झालं म्हणून पाटाला पाणी वाढलं, असं मात्र ऐकिवात नाही.) १९९८च्या जुलैत नंदुरबार धुळ्यापासून वेगळं निघून जिल्हा झालं, त्या सुमारास बदलीवर इथे आलो, तो इथलाच होऊन गेलो. आमच्याकडे पाणी हवं तर शेतकऱ्यानं नमुना नंबर सात भरायचा, मग मंजुरी, मग शेजपाळी. शेजपाळी म्हणजे कुणाच्या शेतानंतर कुणाचं शेत, किती तास, याचा तक्ता. पाळी संपली की दार बंद. दार उघडणं कुणालाही जमतं. वेळेवर बंद करणं हे खरं पाटकऱ्याचं कसब. नोकरीत एवढी एकच विद्या पदरात पडली, आणि ती निवृत्तीनंतर कामी आली एका कुंडीसाठी.

कुंडी सूनबाईनं पाठवली. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, तो मोटारीच्या मागच्या सीटवर एका खोक्याला पट्टा बांधून. पोटच्या पोरांना इतक्या काळजीनं पट्टा बांधलेला मी पाहिला नव्हता. आत हे ऑर्किड! चामड्यासारखी जाड, रुंद पाच पानं, त्यातून निघालेला एक बाकदार दांडा आणि दांड्यावर ओळीनं बसलेली जांभळी फुलपाखरं. चिठ्ठीवर नाव होतं फॅलेनॉप्सिस. पतंगासारखं दिसणारं, असा त्याचा अर्थ. ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२५ साली हे नाव ठेवलं. त्याला आमच्या सौ.ची जीभ ठाऊक नव्हती. तिनं दोनदा प्रामाणिक प्रयत्न केला आणि तिसऱ्या खेपेला त्याचं 'पालनबाई' करून टाकलं. मराठीत या कुळाला आमर असं छान नाव आहे, पण पालनबाईपुढे त्याचं काही चाललं नाही.

पालनबाईबरोबर एक निरोपही आला होता. "बाबा, आता हे घर विका आणि पुण्याला या. दोघंच इथे किती दिवस राहणार?" मुलगा परत गेल्यावर ही बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसली. मग म्हणाली, "प्रेमानं बोलावतात, मला कळतंय. पण पोराच्या घरी बांडगुळासारखं राहायचं, हे काही आपल्याला जमायचं नाही." विषय तिथे थांबला आणि कुंडी पूर्वेच्या खिडकीत गेली.

ऑर्किड ही वस्तू आमच्या गल्लीत नवी. खान्देशातल्या माणसाला झाडाबद्दल पहिला प्रश्न पडतो तो उपयोगाचा. शेजारचे आप्पा त्याच संध्याकाळी येऊन कुंडीपुढे उभे राहिले.

"हाई काय शे भाऊ?"

"फूल आहे, आप्पा."

"भाजी व्हस का यानी?"

"नाही हो."

"देवले चालस का?"

मी म्हटलं, "तोडायचंच नसतं ते. दोन-दोन, तीन-तीन महिने दांड्यावर राहतं." आप्पांनी आधी कुंडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. पेन्शनवर गेलेला माणूस असाच हळूहळू बिघडतो, हे त्यांच्या नजरेत स्वच्छ वाचता येत होतं. मग त्यांनी कुंडीत बोट घातलं आणि दचकून मागे घेतलं. "आरे, यामा मातीच नही!"

नव्हतीच. आत नारळाच्या सोडणाचे आणि झाडाच्या सालीचे तुकडे होते आणि त्यांतून बोटाएवढी जाड मुळं वाटेल तशी फिरत होती. दोन-तीन तर कुंडीबाहेर येऊन हवेत लोंबत होती. आप्पा शेणखताची पाटी आणायला निघाले, त्यांना हिनं चहा देऊन थांबवलं. चहानं त्या दिवशी एक जीव वाचवला. कारण हे झाड त्याच्या मुलखात, आग्नेय आशियाच्या जंगलात, जमिनीवर राहतच नाही. ते झाडाच्या फांदीवर बसतं. पाऊस येतो, मुळं भिजवतो, निथळतो; मग वारा येतो आणि वाळवतो. भिजणं आणि वाळणं, दोन्ही त्याचं जेवण. मातीत पुरलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

त्या मुळांवर एक सुंदर सोय आहे. वरून टीपकागदासारखं एक पांढरं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं. पाणी शोषलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. म्हणजे नमुना नंबर सात पालनबाईनं मुळांवरच छापून आणलेला! रुपेरी असला म्हणजे अर्ज आला, हिरवा असला म्हणजे अर्ज नाही. अर्ज नसताना पाणी सोडायचं नाही, हा नियम मी चौतीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. पण अर्जदार इतका सचोटीचा असू शकतो हे प्रथमच पाहिलं.

मी लगेच तक्ता आखला. हिनं तो वाचला, घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि आपली पद्धत सुरू केली. सकाळी केर काढताना ती कुंडी उचलून बघते. गॅसचं सिलिंडर हलवून 'अजून चार दिवस जाईल' हे जिला कळतं, तिला कुंडीचं वजन कळायला काय वेळ? कुंडी हलकी आणि मुळं रुपेरी, की बादलीतल्या पाण्यात कुंडीचा तळ बुडवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, मग उचलून पूर्ण निथळू द्यायची. बशीत पाणी साठू द्यायचं नाही. वेळ सकाळची, म्हणजे रात्रीपर्यंत सगळं कोरडं. आणि पानांच्या मधोमध, जिथून नवं पान निघतं त्या कोंभात, पाणी अजिबात राहता कामा नये. राहिलंच तर कापसाच्या बोळ्यानं टिपायचं. या झाडाला वाढायला तो एकच कोंभ असतो. तो कुजला की कारभार आटोपला.

किती दिवसांनी पाणी घालायचं, हा प्रश्न मला गल्लीत अजून विचारतात. याचं उत्तर कॅलेंडरात नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली धरून बसतं. तेव्हा दोन-तीन दिवसांतच मुळं पांढरी पडतात. तीच कुंडी श्रावणात आठ-दहा दिवस हूं की चूं करत नाही. परदेशात म्हणे काही ठिकाणी आठवड्याला बर्फाचे तीन खडे कुंडीत ठेवतात. नंदुरबारच्या मे महिन्यात बर्फाचे तीन खडे स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत पोचायचे नाहीत. आणि पोचलेच तर वाटेत माणसंच ते तोंडात टाकतील. आम्ही आपलं कुंडीखाली एक ताटली ठेवली, त्यात नदीचे गोटे आणि गोट्यांच्या खाली पाणी. कुंडी गोट्यांवर, पाण्याच्या वर. तेवढीच आजूबाजूच्या हवेला ओल. कूलरचा झोत मात्र अंगावर येऊ दिला नाही. त्या बाबतीत पालनबाईचा आणि माझा थोडा मतभेद होता, कारण कूलर एकच आहे.

जास्त पाण्याची खरी फसगत पानांत असते. तहान लागली की पानं मऊ पडून सुरकुततात. पण जास्त पाण्यानं मुळं कुजली, की शोषायला कुणी उरत नाही, म्हणून तेव्हाही पानं मऊ पडून सुरकुततात! कचेरीत फाईल हरवली तरी 'उद्या या' आणि सापडली तरी 'उद्या या', तसं हे. बाहेरच्या माणसाला काय कळणार? माया करणाराला तर एकच अर्थ कळतो. 'बिचारं सुकलं' म्हणून तो आणखी ओततो. म्हणून पानाकडे बघून पाणी घालू नये, मूळ बघावं. हे माणसांनाही लागू असावं.

पाण्याचा प्रकार हा दुसरा अध्याय. आमचं बोअरचं पाणी कडक. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. तोच थर ऑर्किडच्या मुळांवर आणि पानांवर चढतो. यावर उपाय पावसाचं पाणी. आता आमच्या गच्चीवर जूनपासून डबे, पिंपं, पातेली मांडलेली असतात. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी जाऊ द्यायचं, पुढचं गाळून कॅनमध्ये भरायचं आणि कॅन झाकून अंधाऱ्या जागी ठेवायचे. मोलकरणीनं एकदा त्यातल्या एका कॅननं फरशी पुसली, तेव्हा घरात जो आवाज झाला तो तापीला पूर आल्यावर होतो तसा होता.

मग खताची गोष्ट निघाली. एकोणीस-एकोणीस-एकोणीस नावाचं पाण्यात विरघळणारं खत असतं. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात. केळी-पपईवाले शेतकरी ते ठिबकमधून सोडतात. मी कृषी सेवा केंद्रात गेलो. मालकानं न बघताच विचारलं, "किती एकर?"

मी म्हटलं, "एक कुंडी."

दुकानात शहाद्याकडचे चार केळीवाले उभे होते. कुणी हसलं नाही. खान्देशी माणूस दुसऱ्याचं दुःख जाणतो. मालकानं एक किलोची पिशवी पुढे केली, त्याहून लहान नव्हती. घरी येऊन मी हिशेब मांडला, कारण कारकून हिशेबाशिवाय जेवत नाही. ऑर्किडला खत द्यायचं ते नावापुरतं : लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटही मोठी होईल. वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा. तेही आधी साध्या पाण्यानं मुळं ओली करून, कारण कोरड्या मुळांना खत भाजतं. आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं सगळं धुऊन काढायचं, नाहीतर क्षार साठतात. आता एक किलो खत अर्ध्या ग्रॅमनं २००० लिटर पाण्याला पुरणार. पंधरवड्याला एक लिटर म्हटलं तर वर्षाला २६ लिटर. म्हणजे ती पिशवी ७६ वर्षं चालेल. मी आता सदुसष्टाव्या वर्षात आहे. हिला म्हटलं, "मृत्युपत्रात ही पिशवी कुणाच्या नावे करू?" ती म्हणाली, "आधी झाकण घट्ट लावा, सर्दावेल."

पानांची निगा हे काम आमच्या गावात विशेष. नंदुरबार हे मिरचीचं गाव. हंगामात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, मैलभर अंतरावरून जमीन लाल दिसते. त्या दिवसांत वारा फिरला की अख्खी गल्ली शिंकते. पालनबाई शिंकत नाही, पण तिच्या पानांवर पुटं चढतात. धुळीनं पान झाकलं की उजेड पोचत नाही. म्हणून मऊ सुती कापड साध्या पाण्यात पिळून, एका हातानं पानाला खालून आधार देत, देठाकडून टोकाकडे हळूच पुसायचं. खालची बाजूही पुसायची, कारण पिठ्या ढेकूण आणि खवलेकीड तिथेच बिऱ्हाड करतात. दुसरं ऑर्किड असेल तर त्याला वेगळं कापड, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला जातो. चकाकीसाठी खोबरेल तेल, दूध, केळ्याची साल यांतलं काही लावायचं नाही. हे सगळे उपाय मला सुचवून झाले आहेत. पानाच्या पाठीला सूक्ष्म छिद्रं असतात आणि या झाडाची ती मुख्यतः रात्री उघडतात. दिवसाच्या उन्हात पाणी उडू नये म्हणून हे झाड कार्बन डायॉक्साइड रात्रीच आत घेऊन ठेवतं आणि दिवसा उजेडात त्याचा स्वयंपाक करतं. अशा रात्रपाळीवाल्याचं नाक तेलानं बुजवणं हा अन्याय आहे.

तर असं सगळं चालू असताना पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तोरणमाळला गेलो. जून लागत होता. शहाद्यावरून वर चढलं की सातपुड्यात हजार मीटरहून उंचावर हे ठिकाण आहे, अंगातला उन्हाळा तिथे उतरतो. यशवंत तलावाच्या बाजूनं चालत असता ही एका जुन्या आंब्याखाली थांबली. "अहो, पालनबाईची मुळं!"

खरंच, एका फांदीवर तशीच जाड, रुपेरी मुळं चिकटलेली होती. वर पट्ट्यासारखी अरुंद पानं आणि पिवळट-तपकिरी चौकडीची फुलं, जांभळट जिभेची. ती आपल्याच मुलखातली आमर, वांडा. आयुर्वेदात काही ठिकाणी तिला रास्ना म्हणून वापरतात. मला नावाची गोष्ट आठवली. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला वंदा म्हणत. विल्यम जोन्सनं तो शब्द उचलला आणि १८२० साली शास्त्रात 'वांडा' ही प्रजाती दाखल झाली. गंमत म्हणजे वंदा हा शब्द बांडगुळालाही होता. दोघांना आपल्या पूर्वजांनी एकाच दावणीला बांधलं होतं.

आणि योगायोग असा, की त्याच आंब्याच्या पलीकडच्या फांदीवर बांडगूळही होतं. हिनं दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं. बांडगुळानं आपलं मूळ फांदीच्या लाकडात घुसवलं होतं. जिथे घुसलं तिथे फांदी गाठाळली होती आणि पुढे वाळत चालली होती. बांडगूळ झाडाच्या नसांतून पाणी ओढतं. आमरीच्या मुळांनी मात्र नुसती साल धरली होती. तिनं झाडाकडून घेतली ती जागा. पाणी पावसाचं, खाणं सालीवर साचलेल्या पाचोळ्याचं आणि बाकीचा स्वयंपाक स्वतःच्या पानांत. फांदी हिरवीगार होती.

"म्हणजे ही भाडेकरू," मी म्हटलं.

"भाडं काय देते?" हिनं विचारलं.

"फुलं."

ती काही बोलली नाही. शेजारी उभ्या असलेल्या मोटारीतल्या एका गृहस्थांनी ती आमर उपटून नेण्याचा बेत बोलून दाखवला, तेव्हा मात्र ती त्यांच्यावर अशी कडाडली, की ते काच वर करून निघून गेले. रानातलं ऑर्किड रानातच ठेवावं. बिया धुळीसारख्या, आत शिदोरी नाही, ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतात. एक उपटलं तर दुसरं यायला किती वर्षं लागतील, याचा तक्ता आखणारं खातं नाही. घरी लावायचं तर रोपवाटिकेतलं आणावं.

पावसाळ्यात पालनबाईचं सगळ्यांत खालचं पान पिवळं पडू लागलं. ही घाबरली. मी वाचून दाखवलं, की एकाच वेळी बरीच पानं पिवळी पडली तर रोग. पण खालचं एकच पडलं आणि वर नवं पान निघत असलं तर ते वयाचं आहे. ते पान आपल्यातलं सत्त्व काढून वर पाठवतं. म्हणून ते ओढून काढू नये. त्याचं काम झालं की ते आपोआप सुटतं. ती त्या पानाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तोपर्यंत ते काही कुणाच्या वाटेत येत नाही."

थंडी आली. आप्पा येऊन म्हणाले, लिंबाला ताण दिल्याशिवाय बहार धरत नाही, तसा याला काही ताण देतात का? प्रश्न शहाणा होता. या झाडाचा ताण तहानेचा नसतो, गारव्याचा असतो. रात्री थंड झाल्या, काही आठवडे तशा राहिल्या, की ते दांडा काढतं. आम्ही खिडकी रात्री किलकिली ठेवू लागलो. डिसेंबरच्या शेवटी पानाच्या बगलेतून एक हिरवं टोक डोकावलं. मी म्हटलं दांडा, ही म्हणाली मूळ. मुळाचं टोक गोल गुळगुळीत असतं, दांड्याचं मोज्यात घातलेल्या बोटांसारखं. आठ दिवसांनी ते वर वळलं. आप्पा भिंग घेऊन आले, बघून परत गेले आणि गल्लीभर सांगत सुटले, की भाऊंच्या झाडाला 'आपल्या पाण्यावर' फूल येतंय.

परवा मुलाचा पुन्हा फोन आला. घराचा तोच विषय. मी फोन हिच्याकडे दिला. तिनं नातवाची चौकशी केली, खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं, सूनबाई कामाला किती वाजता जाते ते विचारलं आणि "बघू" म्हणून ठेवून दिला. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला,

"अहो, पुण्याचं पाणी कडक असतं की मऊ?"

मी म्हटलं, "उद्या सूनबाईला विचारतो."

"नका विचारू," ती म्हणाली. "मी आपले दोन कॅन पावसाचं पाणी बरोबर घेईन. गेल्या गेल्या कुणाकडे पाणी मागायचं नाही."